अपूर्ण टप्पा पूर्ण धरावा

ज्या गावाला विमानतळ असतो, त्या गावात विमानाचं अंतर कोणालाच माहीत नसतं. नागपूरच्या माणसाला विचारा, मुंबई विमानानं किती किलोमीटर? तो म्हणेल, "दीड तास." आणखी खोदून विचारलं तर मोबाइल काढेल. अंतराचा खरा अभ्यासक हवा असेल तर विमानतळ नसलेल्या जिल्ह्यातच शोधावा लागतो, आणि आमचा वाशिम जिल्हा या पिकाला चांगला आहे. १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळे झालो, कलेक्टर मिळाला, पुढे सहा तालुक्यांच्या पाट्या लागल्या; धावपट्टी काही मिळाली नाही. जमिनीला न टेकता राहायचा मान जिल्ह्यात एकट्या शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथांचा. बाकी आम्ही सगळे जमिनीवर, आणि आमच्यातले काही जमिनीवर बसून आभाळ मोजणारे.

त्यातला अव्वल मासला म्हणजे कंट्रोलरसाहेब.

एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण त्यांचं पाळण्यातलं नाव पोस्टमन सोडून कोणी सांगू शकणार नाही. हयात खिडकीमागे गेली. "पुसद?" "लागली." "रिसोड?" "गेली." "कारंजा?" "येईल." वर्तमान, भूत, भविष्य, सगळं एकेका शब्दात. माणसाचं तोंड न बघता उत्तर द्यायचं, हीच त्या खिडकीची शिस्त. खिडकी सुटली, पण उत्तर द्यायची खोड सुटली नाही. दरम्यान गावाचे प्रश्न बदलले. पोरं पुण्याला गेली, बेंगळुरूला गेली, तिथून न्यू जर्सीला गेली. आता पुसद नाक्यावरच्या हॉटेलात कोणी नुसतं म्हटलं, "पोरगी हैदराबादहून विमानानं येऊन राहिली," की कोपऱ्यातल्या बाकावरून आवाज येतो :

"हैदराबाद-नांदेड. दोनशे पंचेचाळीस किलोमीटर. एक्केचाळीस टप्पे."

टप्पा म्हणजे एस.टी.चा. सहा किलोमीटरचा एक टप्पा, भाडं टप्प्यावर, आणि अपूर्ण टप्पा पूर्ण धरायचा. साहेबांच्या लेखी हे महामंडळाचं परिपत्रक नाही, सृष्टीचा नियम आहे. नागपूर-मुंबई सरळ रेषेत सहाशे ऐंशी किलोमीटर, म्हणजे एकशे चौदा टप्पे. मुंबई-कोलकाता साडेसोळाशे, म्हणजे बरोबर दोनशे पंचाहत्तर. हा आकडा सांगताना ते क्षणभर थांबतात, कारण इथे अपूर्ण टप्पा उरतच नाही. निसर्गात इतका चोख हिशेब कमी ठिकाणी लागतो, असं त्यांचं मत आहे.

खिशात खतकंपनीची डायरी, निळा पेन, लाल पेन. घरात नातवाचा पृथ्वीगोल, नातवाला हात लावायची परवानगी नाही. गोलावर ते शिवणकामाचा दोरा ताणून धरतात. मुंबईवर एक बोट, न्यूयॉर्कवर दुसरं. भिंतीवरच्या नकाशात ही वाट अरबस्तान, भूमध्य समुद्र, अटलांटिक अशी आडवी जाईलसं वाटतं. दोरा मात्र सरकत सरकत वर रशिया, स्कँडिनेव्हियाकडे चढतो आणि ग्रीनलंडच्या बाजूनं खाली उतरतो. "नकाशा खोटं बोलते," साहेब सांगतात, "दोरा नाई बोलत." गोल चेंडूवरची जवळची वाट सपाट कागदावर वाकडी दिसणारच, हे भूगोलाचे मास्तर वर्षभर शिकवून पोरांच्या डोक्यात शिरत नाही, साहेबांचा दोरा एका चहात शिरवतो. त्यांना खरा राग आहे तो विमानवाल्यांच्या मैलाचा. आपला मैल सोळाशे नऊ मीटरचा, यांचा अठराशे बावन्न. "मैलात बी यायले जास्त पायजे!" अक्षांशाच्या एका अंशाचे साठ भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे हा सागरी मैल, त्यामुळे नकाशावर मोजायला सोपा पडतो, असं मी एकदा सांगून पाहिलं. त्यांनी डायरीत लिहून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी तेच मला सांगितलं.

नाक्यावर त्यांचा एक प्रतिस्पर्धी आहे. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातला पोरगा. अंतर विचारलं की तो स्क्रीनच पुढे करतो. एकदा या दोघांची नागपूर-मुंबईवरून चांगलीच जुंपली. पोरगा म्हणाला, दीड तास. साहेब म्हणाले, "सहाशे ऐंशी किलोमीटर, विमानाचा वेग ताशी आठशे. एक्कावन मिनिटं होतात. बाकीची एकोणचाळीस कुठी गेली?"

पोरगा गप्प. अशा वेळी साहेबांच्या चेहऱ्यावर जी कृपा उतरते ती पाहण्यासारखी असते. त्यांनी एकोणचाळीस मिनिटांचा हिशेब एकेक करून मांडला. विमानाची वेळ चाक जमिनीवरून सुटल्यापासून धरत नाहीत. उभ्या विमानाच्या चाकाखाली ठोकळे लावलेले असतात. ते काढल्यापासून पुढच्या गावी परत लावेपर्यंतचा सगळा वेळ प्रवासात. ही गोष्ट त्यांना फार भावली आहे, कारण उतारावर उभ्या गाडीच्या चाकाखालचा दगड काढण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. दगड काढला, गाडी निघाली, तत्त्व एकच. मग धावपट्टीपर्यंत रांगत जाणं. मग चढण, तिथं आठशेचा वेग नसतो. मग उतरण. मग मुंबईचा घोळ. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना फुलीसारख्या छेदतात, त्यामुळे दोन्हींवर एकाच वेळी विमानं सोडता येत नाहीत, आणि गर्दीत येणाऱ्याला आभाळात घिरट्या घालाव्या लागतात. "दोन फलाट हायेत, पण गाडी एकावरच लावता येते. असा स्टँड म्या चालवला असता तर दुसऱ्या दिवशी सस्पेंड झालो असतो."

एवढं करूनही काही मिनिटं उरली. ती साहेबांनी आवाज खाली आणून सांगितली. विमान कंपन्या वेळापत्रकातच थोडा उशीर आधी घालून ठेवतात. मग विमान उशिरा निघालं तरी पोचतं वेळेवर, आणि लवकर पोचलं तर वर अभिनंदन. यावर साहेबांचा संताप नैतिक आहे. "आमी उशीर झाला तर रजिस्टरात उशीर लिव्हायचो. लाल पेनानं!"

हॉटेलात कोणी काही बोललं नाही. त्या काळातल्या उशिराचे साक्षीदार तिथं बसलेले होते, आणि लाल पेन किती झिजलं असेल याचा अंदाज प्रत्येकाला होता.

आमच्या भागातला सनातन वाद म्हणजे आपलं विमानतळ कोणतं. अकोल्याच्या शिवणीला धावपट्टी आहे, तिथून प्रवासी विमानसेवा नाही. त्यामुळे अकोला या वादात फक्त बोलायला असतो. खरा सामना नांदेड आणि अमरावतीच्या बेलोऱ्याचा. नांदेडचं विमानतळ २००८ च्या गुरुतागद्दी सोहळ्याच्या वेळी सजलं, मधे सेवा थांबली, २०२४ मध्ये परत सुरू झाली. बेलोऱ्याहून मुंबईचं विमान १६ एप्रिल २०२५ ला निघालं, बहात्तर आसनांचं, पंख्याचं. ज्यांची सोयरीक हिंगोलीकडची ते नांदेडवाले, ज्यांची कारंज्याकडची ते बेलोरावाले. निकाल अर्थात साहेबांकडे आला. त्यांनी राज्याच्या नकाशावर पट्टी ठेवली, कंपास फिरवला आणि जाहीर केलं की वाशिमपासून सरळ रेषेत बेलोरा शंभरच्या किंचित आत आणि नांदेड शंभरच्या किंचित बाहेर. म्हणजे टप्प्यांत? सतरा आणि अठरा. एका टप्प्यानं बेलोरा जिंकलं. नांदेडवाल्यांनी विचारलं, सरळ रेषेनं जाणार कोण? साहेब म्हणाले, हा प्रश्न बांधकाम खात्याचा आहे.

माणूस मागचंही वाचतो, फक्त वेळापत्रक नाही. नागपूरबद्दल त्यांना एक हळवा अभिमान आहे आणि त्याचं कारण १९४९ सालचं आहे. त्या वर्षी रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कोलकाता, मद्रास अशा चार दिशांनी विमानं रात्री निघायची आणि मध्यरात्री नागपूरला एकत्र जमायची. टपालाच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची, प्रवासी इकडचे तिकडे व्हायचे, आणि चारही विमानं पहाटेपर्यंत आपापल्या गावी. साहेब हे सांगतात तेव्हा ते तिथं स्वतः शिट्टी घेऊन उभे होते असंच वाटतं. "चार मुक्कामी गाड्या समोरासमोर, एकमेकींची वाट पाहून राह्यल्या. याले म्हणतात कनेक्शन!" देशाच्या मधोमध असण्याचा असा चोख उपयोग नंतर कोणी केला नाही, अशी त्यांची तक्रार आहे, आणि त्यात मला तरी खोड काढता आलेली नाही.

आणि त्यांचं सगळ्यात लाडकं उड्डाण? लांबचं नाही. सिंगापूर-न्यूयॉर्क पंधरा हजार किलोमीटरच्या वर जातं, अठरा तासांच्या वर चालतं, त्याबद्दल ते आदरानं बोलतात, पण दुरून. प्रेम आहे ते स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांवर. तिथं वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन बेटांमध्ये रोजचं विमान आहे. अंतर पावणेतीन किलोमीटरच्या आत. वेळ दोन मिनिटं, वारा मागून असला तर त्याहून कमी. "अर्धा टप्पा बी नाई!" साहेबांचे डोळे ओले व्हायचेच राहतात. "पण अपूर्ण टप्पा पूर्ण धरावा. एक टप्पा लाव त्याले."

त्यांची कसोटी लागली ती गल्लीतला मुलगा अमेरिकेहून लग्नाला आला तेव्हा. बहिणीचं लग्न, पोरगा न्यू जर्सीत, विमान न्यूअर्कहून मुंबई आणि तिथून नागपूर. पोराच्या वडिलांनी साहेबांना फक्त विचारलं होतं की किती वाजता पोचेल. साहेबांनी ती सबंध वाहतूकच ताब्यात घेतली. ओसरीवर फळा लागला : प्रस्थान, आगमन, शेरा. फोनवर विमानाचा माग दाखवणारं ॲप मोबाइलवाल्या पोरानंच घालून दिलं. युद्धकाळात शत्रूचीही मदत घ्यावी लागते. न्यूअर्कहून विमान सुटलं तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात. दमून लवकर आडव्या झालेल्या वडिलांना साहेबांनी उठवलं. स्टँडवरचा त्यांचा आवाज शुद्ध मराठीत असतो, एरवी वऱ्हाडी. "प्रवाशांच्या नातेवाईकांनी कृपया लक्ष द्यावे. न्यूअर्कहून मुंबईकडे जाणारी गाडी सुटलेली आहे."

वडील म्हणाले, "बरं," आणि झोपले. साहेब झोपले नाहीत. सकाळी त्यांनी शेरा लिहिला : वारा मागून. अमेरिकेहून येताना जोराचा पश्चिमवारा विमानाला ढकलतो, जाताना तोच छातीवर घ्यावा लागतो, म्हणून साडेबारा हजार किलोमीटरची तीच वाट येताना कमी वेळाची आणि जाताना तास-दीड तास जास्तीची. पोराच्या आईला हे ऐकून बरं वाटलं. घराकडे येणं सोपं आणि घरापासून जाणं अवघड, हे देवाचंच काम असणार, असं ती म्हणाली. साहेबांनी ते फळ्यावर लिहिलं नाही. मग त्यांनी पाकिस्तानवरचा मार्ग एप्रिल २०२५ पासून आपल्या विमान कंपन्यांना बंद असल्याचं, त्यामुळे दिल्लीच्या गाड्यांना वळसा पडत असल्याचं सविस्तर सांगितलं. पोरगा दिल्लीला येणारच नव्हता. पण मार्ग बंद असला की तो जाहीर करायचा असतो.

त्या दुपारी खरी गंमत झाली. मुंबईहून नागपूरचं विमान तीनला सुटलं. पावणेचारला साहेब धावत आले आणि सगळ्यांना गच्चीवर नेलं. मुंबई-नागपूर सरळ रेषा आमच्या जिल्ह्याच्या उत्तर टोकावरून, कारंज्याच्या जरा वरच्या अंगानं जाते. "चारले पोरगं जिल्ह्यात येते," साहेब म्हणाले. आई, काकू, करवल्या, मांडववाला, सगळे उत्तरेकडे तोंड करून उभे. आईला एक ठिपका दिसला. "थो का?"

"तो नाही वहिनी. तो कोलकात्याचा."

मुंबई-कोलकाता रेषा तर थेट वाशिमजवळूनच जाते. मुंबई सोडल्यावर चाळीसेक मिनिटांत ते विमान आमच्या डोक्यावर असतं आणि त्यातल्या कोणालाही ते माहीत नसतं. साहेबांना माहीत असतं. "हात दाखवा, गाडी थांबवा" ही योजना विमानाला लागू नाही, याचं शल्यही त्यांनाच आहे.

चारला साहेबांनी घड्याळ पाहून सांगितलं, "आला. कारंजा." काहीच दिसलं नाही, पण आईनं पदर सारखा केला. "उतरायले लागला असंल आता. गेला. जिल्ह्याबाहेर गेला."

पोरगा साडेचारला नागपूरला उतरला, पाचला सामान घेऊन बाहेर आला, समृद्धी महामार्गानं निघाला, शेलूबाजारला खाली उतरला, तिथं गाडीवाल्याला चहा हवा होता, आणि रात्री नऊला घरी पोचला. चारला डोक्यावर, नऊला दारात. ओवाळणी चालू असतानाच साहेबांनी त्याला पकडलं.

"किती लागले?"

"चौदा-साडेचौदा तास, काका," पोरगा सहज बोलला.

"कायचे साडेचौदा?" डायरी निघाली. घरापासून न्यूअर्क विमानतळ एक तास. तिथं बसला चार. विमान साडेचौदा. मुंबईत शिक्के, सामान, दुसऱ्या विमानाची वाट, पाच. नागपूर दीड. बाहेर यायला अर्धा. रस्ता चार, शेलूबाजारच्या चहासकट. "साडेतीस तास! त्यात अखेरचे साडेचार तास तू उलटा येऊन राह्यला होता. जिल्हा ओलांडून म्होरं गेला आन् मंग माघारी आला. एस.टी.त असं केलं असतं तर कंडक्टरले मेमो भेटला असता."

पोरगा हसला. मला मात्र साहेबांचं पटलं. विमानतळ ते विमानतळ असं अंतर सांगायची जी पद्धत आहे ना, ती विमानतळात राहणाऱ्या माणसांसाठीच ठीक आहे. आणि तसं तिथं कोणी राहत नाही. आमचं अंतर ओसरीपासून सुरू होतं. साडेतीस तासांतला वाशिमचा वाटा ना कोणत्या तिकिटावर छापलेला असतो, ना कोणत्या स्क्रीनवर दिसतो. तो लिहून ठेवणारा जिल्ह्यात एकच माणूस, आणि त्याला गाव वेडा म्हणतं. म्हणजे अगदी तोंडावर नाही.

एक गोष्ट मात्र साहेब कधी सांगत नसत. भाडं. अंतर सांगत, वेळ सांगत, वारा सांगत, "तिकीट कितीचं?" विचारलं की चहाच्या कपात बघत. मला वाटायचं, स्वतः कधी विमानात बसले नाहीत म्हणून असेल. कारण वेगळं निघालं. एकशे चौदा टप्प्यांना दर लावून त्यांनी भाडी काढलेली होती, पानंच्या पानं. ती कोणत्याही तिकिटाशी जुळत नव्हती. सोमवारचं वेगळं, शुक्रवारचं वेगळं, सकाळी पाहिलेलं संध्याकाळी नाही. आपल्या हिशेबातच कुठे तरी चूक आहे, आणि ती सापडेपर्यंत गप्प बसावं, असा त्यांचा प्रामाणिक समज होता.

मग पुण्याला नातीचं बारसं निघालं आणि मुलानं नागपूर-पुणे तिकीट पाठवलं. सहाशे पाच किलोमीटर. एकशे एक टप्पे. साहेब कडक इस्त्रीत, खिशात दोन्ही पेनं, विमानतळावर चार तास आधी. ही सगळी हकिकत त्यांच्याबरोबर गेलेल्या पुतण्यानं सांगितली. खिडकीची जागा त्यांनी नाकारली. कडेची घेतली, गाडीवर नजर राहते म्हणून. ठोकळे काढल्याची वेळ लिहिली. चाक सुटल्याची लिहिली. विमान वर स्थिरावलं, पट्टे बांधायचा दिवा विझला, तसं त्यांनी शेजारच्या माणसाला सहज विचारलं, "तुमचं तिकीट कितीचं?"

त्यानं आकडा सांगितला. साहेबांच्या तिकिटाहून सतराशे रुपये कमी.

"नागपूर ते पुणेच ना?"

"हो."

"कोणती सवलत? ज्येष्ठ नागरिक?"

माणूस तिशीचा होता. म्हणाला, दीड महिना आधी काढलं होतं.

पुतण्या सांगतो, काकांचा चेहरा पाहून त्याला वाटलं, हवा लागत नाहीये. एस.टी.त सवलत असते, अर्धं तिकीट असतं, पण त्याला जी.आर. असतो, शिक्का असतो. एकाच टप्प्याला, एकाच गाडीत, एकाच बाकावर दोन पूर्ण भाडी? साहेबांनी निळं पेन ठेवलं, लाल काढलं आणि उठले. पहिल्या रांगेपासून सुरुवात केली. आवाज खिडकीमागचा, शुद्ध मराठी. "चला, तिकीट दाखवा. कुठून बसलात? किती दिले?" आश्चर्य असं की लोक सांगू लागले. आवाजच तसा आहे. त्या आवाजापुढे महाराष्ट्रात चार पिढ्यांनी पाकिटं उघडली आहेत. एका बाईंनी तर मुलाचं वय न विचारता सांगितलं. दहाव्या रांगेपर्यंत डायरीत अकरा वेगवेगळी भाडी झाली होती आणि मागच्या रांगांमध्ये लोक आपापसातच एकमेकांचे आकडे विचारून भांडायला लागले होते.

तेवढ्यात खाली उतरायची घोषणा झाली, पट्टे बांधायचा दिवा लागला, आणि हवाई सुंदरी येऊन म्हणाली, "सर, प्लीज, सीटवर बसा."

साहेबांनी मान वर केली नाही. म्हणाले, "गाडी थांबवून धर मॅडम, चेकिंग चालू आहे."